कोढ़, कोड आणि कुष्ठ : शब्द व निदान

संस्कृत ‘कुष्ठ’ या शब्दापासून हिंदीत ‘कोढ़’ व मराठीत ‘कोड’ हे शब्द सिद्ध झाले. हिंदीत ‘कोढ़’ म्हणजे सामान्यतः कुष्ठरोग. मराठीत ‘कोड’ म्हणजे त्वचेवर पांढरे डाग पडण्याचा विकार. अनुवादकाने रूपसाम्यावर विसंबून ‘कोढ़’चे ‘कोड’ केले, तर पात्राची व्याधीच बदलते.

मुळात ‘कुष्ठ’ ही संज्ञा व्यापक होती. सुश्रुतसंहितेत 7 महाकुष्ठे आणि 11 क्षुद्रकुष्ठे असे 18 प्रकार सांगितले असून त्यांत नानाविध त्वचाविकार येतात. मराठीत कुष्ठरोगाला ‘महारोग’ आणि ‘रक्तपिती’ अशीही नावे पडली. पैकी दुसरे ज्या ‘रक्तपित्ता’वरून आले, त्याचा आयुर्वेदातील अर्थ रक्तस्रावाचा विकार असा आहे.

शब्दांची ही सरमिसळ निदानशास्त्राने सोडविली. नॉर्वेतील बर्गेन येथे हान्सेन याने 1873 मध्ये कुष्ठाचे जंतू पाहिले. हे जंतू त्वचा व मज्जातंतू यांवर आघात करतात; म्हणून चट्ट्याच्या जागी स्पर्शाची जाणीव हरपते. बधिर चट्टा, जाड झालेला मज्जातंतू किंवा त्वचेच्या नमुन्यात आढळणारे जंतू, ही निदानाची प्रमुख लक्षणे होत. कोडात मात्र त्वचेला रंग देणाऱ्या पेशी नष्ट होतात. संवेदना शाबूत राहते आणि संसर्गाचा प्रश्नच उद्भवत नाही.

उपचारांचा इतिहासही लक्षणीय आहे. दीर्घकाळ चौलमुग्रा तेलावर भिस्त होती. 1940 नंतरच्या दशकात डॅप्सोन आले. परंतु एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. तेव्हा 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रिफाम्पिसिन व क्लोफाझिमीन यांसह बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आता सामान्यतः 6 किंवा 12 महिन्यांत रोग बरा होतो आणि उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने मावळते. तथापि मज्जातंतूंची झालेली हानी नेहमीच भरून येत नाही. म्हणून निदान लवकर होणे अगत्याचे असते. नेमक्या याच ठिकाणी शब्द आडवा येतो. ‘महारोगी’ म्हणवून घेण्याच्या भयाने मनुष्य चट्टा लपवितो, आणि लपविलेल्या चट्ट्यातूनच पुढे व्यंग येते.

कायद्याची भाषाही वैद्यकाच्या मागे रेंगाळली. हिंदू विवाह अधिनियम, 1955 यात असाध्य कुष्ठ हे घटस्फोटाचे एक कारण मानले होते. रोग साध्य झाल्यानंतरही अनेक वर्षे ते टिकले आणि 2019 मध्ये वगळण्यात आले.

जुन्या कथाकाव्यांतील ‘कुष्ठी’ पात्राचा अर्थ लावताना अभ्यासकाने हा क्रम ध्यानी ठेवणे इष्ट ठरेल. तेथे वर्णिलेली व्याधी कोणती, हे नावावरून ठरत नाही; लक्षणे दिली असतील तर ती तपासावीत, नसतील तर मूळ शब्दाची संदिग्धता अनुवादात तशीच राखावी.