न्यायमूर्ति रानडे आणि आमची वांटणी

गेल्या पाडव्यास आमच्या कळंब्याच्या घरीं वांटणीचा विषय निघाला. महाविद्यालयांत अर्थशास्त्र शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, "अण्णा, प्रत्येकानें स्वहित पाहिलें म्हणजे सर्वांचें हित साधतें, असें आमचें शास्त्र सांगतें. मग शेत एकत्र कशासाठीं ठेवावयाचें?" मला उत्तर सुचेना. तेव्हां न्यायमूर्ति रानड्यांचे आर्थिक निबंध काढून बसलों.

महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) कोल्हापूरकरांस परके नव्हेत. त्यांचे वडील येथील संस्थानच्या नोकरींत असल्यामुळें त्यांचें बाळपण व आरंभींचें शिक्षण याच शहरांत झालें. पुढें त्यांनीं मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयांत अध्यापनही केलें. १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयांत दिलेल्या व्याख्यानांत त्यांनीं इंग्रजी अर्थशास्त्राचीं मूळ गृहीतेंच तपासलीं. मनुष्य केवळ स्वार्थानें चालतो, स्पर्धा मोकळी असते, भांडवल व मजूर लाभ दिसेल तिकडे सहज जातात, हीं तीं गृहीतें. आपल्या देशांत, ते म्हणाले, व्यक्तीहून कुटुंब व जात प्रबळ आहेत, स्पर्धेहून रूढि बळकट आहे, आणि भांडवल व मजूर जागचे हलत नाहींत. सबब त्या शास्त्राचे सिद्धांत सर्व देशांस व सर्व काळीं सारखे लागू पडत नाहींत.

हें वाचून मी हर्षलों. पुतण्यास निरुत्तर करण्याचें साधन हातीं आलें असें वाटलें! परंतु पुढें वाचतांना ओशाळलों. रानड्यांनीं रूढीची स्तुति मुळींच केली नव्हती. ते आजन्म सुधारक. ही जडता घालविण्यासाठींच सरकारनें उद्योगधंद्यांस साहाय्य करावें, असें त्यांचें मत होतें. सिद्धांत सांगण्यापूर्वीं वस्तुस्थिति पाहा, एवढाच त्यांचा आग्रह. त्यांचे शिष्य गोखले यांच्या नांवानें पुण्यांत १९३० सालीं स्थापन झालेल्या संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनींही हाच मार्ग धरला; वाई तालुक्यांतील शेतीची त्यांनीं प्रत्यक्ष पाहणी केली.

मग आम्हीही आपल्या घराची पाहणी केली. मी व मधला भाऊ नोकरीनिमित्त बाहेर असतांना धाकटा ऊंसांत राबला. त्याच्या श्रमांचा मोबदला वहींत कोठेंच नव्हता. पुतण्या त्याचाच मुलगा. त्याच्या प्रश्नामागें स्वार्थ नव्हता, बापाचा घाम होता. मीं मात्र आजवर त्यास कुटुंबधर्म ऐकवीत आलों होतों.

शेत अद्याप एकत्र आहे. मात्र ऊंसाचें बिल आलें कीं धाकट्याचा मेहनताना आधीं वेगळा निघतो आणि मग तीन वांटे होतात. तो हिशेब पुतण्याच लिहितो.