लहान राहण्याचा धंदा

तैपेई, तायचुंग, काओशुंग, तैवानच्या कुठल्याही शहरातल्या जुन्या वस्तीत डंपलिंगची एखादी लहानशी खानावळ असतेच. सहा-सात टेबले, रस्त्याच्या तोंडाशी उकळत्या पाण्याचे भलेमोठे पातेले, भिंतीवर भावफलक, आणि काचेच्या कपाटात बशांतून मांडलेले थंड पदार्थ: मुरवलेले टोफू, समुद्री शेवाळ, शेंगदाण्यांबरोबर परतलेली बारीक सुकी मासळी. नवरा पातेल्यापाशी, बायको गल्ल्यावर, आणि मागच्या टेबलाशी आजी किंवा मावशी पाऱ्या लाटत बसलेली. गिऱ्हाईक चिठ्ठीवर पेन्सिलीने आकडा लिहून देते, तोही प्लेटींचा नव्हे तर नगांचा. दहा, पंधरा, वीस. एक नग साधारण सात-आठ तैवानी डॉलरला पडतो, आणि तैवानी डॉलर म्हणजे आपले अडीच ते तीन रुपये. या दुकानांबद्दल लिहिताना ‘प्राचीन परंपरा’ आणि ‘घरची माया’ हे दोन शब्दप्रयोग हटकून येतात. माझे म्हणणे असे की परंपरा मुळीच प्राचीन नाही आणि माया हे फारच अपुरे स्पष्टीकरण आहे. ही खानावळ म्हणजे युद्ध, परदेशी गहू आणि भांडवलाची चणचण यांतून निघालेली कामाची एक मांडणी आहे, आणि तिथली चव त्या मांडणीतून येते.

आधी प्राचीनपणाचे पाहू. तैवान हे भाताचे बेट. १८९५ ते १९४५ या जपानी अमलात तर तिथली शेती जपानला तांदूळ आणि साखर पुरवण्यासाठीच बेतली गेली. जुन्या तैवानी घरांत वर्षअखेरच्या रात्री उकळत्या रश्श्याभोवती सगळे जमत आणि तांदळाच्या गोड वड्या करत. डंपलिंग करायला बसण्याची रीत उत्तर चीनची, जिथे भात फारसा पिकत नाही आणि गहू पिकतो. ती रीत तैवानात रुजली १९४९च्या सुमारास. यादवी युद्ध हरलेल्या राष्ट्रवादी सरकारबरोबर दहा लाखांहून अधिक माणसे सामुद्रधुनी ओलांडून आली, तेव्हा बेटाची वस्ती साठ लाखांच्या आसपास होती. आलेल्यांत शांतुंग, हबे, हनान या गव्हाच्या प्रांतांतले सैनिक पुष्कळ. तैपेई १०१ या गगनचुंबी इमारतीच्या पायथ्याशी आज जी बैठी घरे जपून ठेवली आहेत, ती शांतुंगमधल्या छिंगताव शहरातून १९४८ मध्ये हलवलेल्या चव्वेचाळीस क्रमांकाच्या शस्त्र कारखान्याच्या कामगारांसाठी बांधलेली. अशा लष्करी वसाहती बेटावर आठशेहून जास्त होत्या. आपण दोन-तीन वर्षांत परत जाणार, अशा समजुतीने बांधलेल्या. म्हणून भिंती पातळ, आणि स्वयंपाकघर बहुधा भिंतीला टेकवलेली एक पडवी.

पण माणसे आली म्हणून गहू येत नाही. तो आणला अमेरिकेने. १९५१ ते १९६५ या काळातल्या अमेरिकी मदतीत गहू आणि सोयाबीन हा मोठा भाग होता, आणि १९५४ नंतर तो ज्या कायद्याखाली येत होता, त्याचे नाव मराठी वाचकालाही परिचित आहे: पीएल ४८०. याच कायद्याखाली आलेला गहू साठच्या दशकात आपल्याकडच्या रेशन दुकानांतून विकला जात होता. फरक असा की भारतात गहू खाणारे कोट्यवधी लोक आधीपासून होते. तैवानात पीठ खायचे कसे, इथपासून शिकवणे आले. सरकारला ते हवेच होते, कारण लोकांनी पीठ खाल्ले तर तांदूळ निर्यात करून परकीय चलन मिळवता येत होते. म्हणून पिठाच्या पदार्थांचा सरकारी प्रचार झाला, आणि दोन देशांच्या हस्तांदोलनाचे चित्र छापलेल्या पिठाच्या पोत्यांच्या चड्ड्या शिवून मुलांना घातल्या गेल्या, ही त्या पिढीची आवडती आठवण. परिणाम मोठा झाला. सत्तरच्या दशकात वर्षाला दरडोई १३० किलोच्या आसपास असलेला तांदळाचा खप आज ४५ किलोच्या घरात आहे. गहू मात्र अजूनही जवळजवळ सगळा आयात होतो. ज्याला आज ‘आजीच्या हातची चव’ म्हणतात, त्यातली कणीक पहिल्या दिवसापासून बोटीने आलेली आहे.

आता ही दुकाने काढली कोणी? बहुतेक निवृत्त किंवा सेवेतून मोकळ्या केलेल्या सैनिकांनी, आणि त्यांच्या बायकांनी. १९५२च्या एका कायद्याने सैनिकांच्या लग्नावर कडक निर्बंध होते. त्यामुळे वसाहतींत आणि छावण्यांत एकटे पुरुष ढिगाने होते, ज्यांना जेवण हवे होते आणि रांधणारे घर नव्हते. गिऱ्हाईक तयार, पीठ स्वस्त, आणि धंद्याला लागणारे भांडवल म्हणजे लाटणे, सुरी, फळी, पातेले. तैपेईला लागून असलेल्या युंगहमध्ये १९५५ मध्ये सैनिकांनीच काढलेली सोयादुधाची दुकाने पुढे बेटभर नावाजली, ती याच हिशेबातून. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, तेव्हा मुळाशी हीच गरज होती: स्थलांतरित पुरुष, आणि घरातच चूल असलेली बाई. तैवानात त्या चुलीचे तोंड रस्त्याकडे झाले, एवढेच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मग हे तैवानी कसले, हे तर चिनीच. आक्षेप बाजारात टिकत नाही. सैनिकांनी ज्या मुलींशी लग्ने केली, त्यांतल्या पुष्कळ स्थानिक घरांतल्या, आणि भाजी त्या स्थानिक मंडईतून आणत. उत्तर चीनचा लांबट चिनी कोबी बाजूला पडून सारणात गोल, गोडसर, कुरकुरीत कोबी आला, जो डोंगरउतारावर पिकतो आणि जपानी काळात बेटावर रुजला. शेजारी तैवानचा दाट, किंचित गोड सोया सॉस आला. आंबट-तिखट सूप उत्तरेचे राहिले, पण त्याच फलकावर मक्याचे दुधाळ सूप आले, जे चीनच्या कुठल्याही प्रांताचे नाही. पुढे करी घातलेले आणि कोरियन किमची घातलेले डंपलिंगही आले. शाकाहारी मराठी माणसाने मात्र जपून असावे: नेहमीच्या दुकानात सारण डुकराच्या मांसाचेच असते. शाकाहाराची दुकाने वेगळी आणि भरपूर आहेत, आणि बौद्ध पथ्यामुळे त्यांत कांदा-लसूणही नसतो, तेव्हा चातुर्मास पाळणाऱ्याचीही सोय होते.

खरी मेख पाण्यात आहे. कोबी चिरून त्याला मीठ लावले की पाणी सुटते. ते पिळून काढले तरी उरलेले हळूहळू सुटतच राहते. उलट मांसात मात्र पाणी घालायचे असते: आले आणि पातीच्या कांद्याचे पाणी थोडे थोडे घालत खिमा एकाच दिशेने घोटायचा, म्हणजे तो चिकट होतो आणि ते पाणी धरून ठेवतो. शिजताना तेच रस होऊन पारीत साठते. ही दोन टोके एकत्र केली की घड्याळ सुरू होते. सारण तासभर जास्त राहिले तर ते पाणथळ होते, पारीचा तळ भिजतो, आणि पातेल्यात डंपलिंग फुटते. म्हणून सारण थोडेथोडे कालवायचे आणि लगेच भरून टाकायचे. पारीचेही तसेच. गार पाण्यात भिजवलेली कणीक मुरवून, तिच्या गोळ्या कापून, एका हाताने छोटे लाटणे आणि दुसऱ्या हाताने पारी फिरवत लाटली की मध्य जाड राहतो आणि कडा पातळ. कडा एकमेकींवर आल्यावर दोन्हीकडे जाडी सारखी होते. लाटलेली पारी वाळली की कडा चिकटत नाहीत. म्हणजे लाटणारी आणि भरणारी यांचा वेग जुळलेला हवा, आणि दोघींनी पातेल्यापाशी काय चालले आहे त्यावर कान ठेवायला हवा. पाणी उकळले की त्यात गार पाणी घालायचे, पुन्हा उकळले की पुन्हा, असे तीनदा, म्हणजे खळबळीने पारी फाटत नाही आणि आतले मांस शिजते. दुपारी दोन ते पाच दार अर्धे लोटून घरची माणसे डंपलिंग वळत बसलेली दिसतात. एका टेबलाभोवती मावतील एवढेच हात असण्याला त्या सारणाशी संबंध आहे. एकत्र जेवणारे, एकत्र राहणारे, न सांगता एकमेकांचा वेग ओळखणारे तीन-चार लोक हीच या कामाची योग्य मापाची तुकडी.

दुसरा आक्षेप यंत्राचा, आणि तो वजनदार आहे. डंपलिंग वळणारी यंत्रे जगाला विकणाऱ्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक, आन्को, तैवानचीच. ती शंभराहून अधिक देशांत यंत्रे पाठवते, आणि तिच्या यादीत समोशाचेही यंत्र आहे. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘पाफांग युनची’ या साखळीची बेटावर हजाराच्या आसपास दुकाने आहेत. भाव जवळपास तेवढाच, चव रोज तीच. मग या घरगुती दुकानाचे काय राहिले? राहिले ते असे की यंत्राच्या नळीतून जायला सारण बारीक आणि सरसरीत हवे, पारी सगळीकडे सारख्या जाडीची हवी. चावताना कोबीचा तुकडा वेगळा लागणे आणि तळाशी पारीचा दमदारपणा जाणवणे, या दोन गोष्टी तिथे आधी जातात. साखळीतले डंपलिंग वाईट नसते, सपाट असते. आणि ‘डिन ताय फंग’चे काय, असे कोणी विचारेल. शान्शीहून आलेल्या यांग बिंग-यी यांनी १९५८ मध्ये तेलाचे दुकान म्हणून ते काढले; डबाबंद तेलाने धंदा खाल्ला तेव्हा १९७२च्या सुमारास वाफवलेली रसदार डंपलिंग विकायला घेतली. आज पाच ग्रॅमची पारी, सोळा ग्रॅम सारण, अठरा चुण्या हे माप जगभर पाळले जाते. पण ते साधले काचेमागे उभ्या केलेल्या पगारी, प्रशिक्षित कारागिरांच्या फौजेने, आणि गिऱ्हाईक त्याचे वेगळे पैसे मोजते. मोठे होऊन हाताचे काम टिकवता येते. सात-आठ डॉलरला नाही.

मग सात-आठ डॉलरला ते टिकते कसे? इथे तिसरा आक्षेप येतो, आणि मला तो सर्वांत अडचणीचा वाटतो: घरच्यांना पगार नसतो म्हणून. सत्तरच्या दशकात तैवान प्रांताचे गव्हर्नर श्ये तुंग-मिन यांनी ‘दिवाणखाने हेच कारखाने’ ही मोहीम चालवली. बायकांनी घरबसल्या निर्यातीचा माल जुळवावा, असा तिचा अर्थ. बेटाची भरभराट ज्या लहान उद्योगांवर उभी राहिली, त्यांत मालकाची बायको हिशेब, माणसे, कच्चा माल सगळे पाहायची आणि पगारपत्रकात तिचे नाव नसायचे. डंपलिंगची खानावळ त्याच नात्यातली. तिथे गल्ल्याची चावी बायकोकडे असते, हे खरे, आणि अधिकार म्हणून ते कमी नाही. पण गल्ल्यातले पैसे तिचे मानधन नव्हेत. घरगुती चवीचे कौतुक करणाऱ्याने हे धरून चालावे की भावफलकावरच्या आकड्यात एका माणसाची मजुरी लिहिलेलीच नाही. यावरून ही मांडणीच मोडीत काढावी, असे मात्र मला वाटत नाही. तुकडी लहान असणे कामाला लागते. ती बिनपगारी असणे कामाला लागत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र वाढल्या, म्हणून एक वाटतात.

त्या आता सुटूही लागल्या आहेत, कोणी सुधारणा केली म्हणून नव्हे तर मुले नाहीत म्हणून. तैवानचा जन्मदर जगातल्या सर्वांत खालच्यांपैकी आहे, आणि जी मुले त्या टेबलांवर गृहपाठ करत मोठी झाली, त्यांतली बरीच परत पाऱ्या लाटायला येत नाहीत. लग्न करून बेटावर आलेल्या व्हिएतनामी, इंडोनेशियन आणि मुख्य भूमीवरच्या चिनी स्त्रियांची संख्या पाच लाखांवर गेली आहे. काही दुकानांत वळणारे हात आता त्यांचे आहेत, कधी सून म्हणून, कधी तासावर पगार घेणाऱ्या म्हणून. पगार आला की भाव वाढतो, आणि भाव वाढवायला धजत नसेल ते दुकान दिवस कापते. आधी सकाळ जाते, मग दुपारचे जेवण. कच्ची, गोठवलेली डंपलिंग पिशवीत भरून विकली जातात, कारण गोठवलेल्या सारणाला पाणी सुटत नाही आणि मग घड्याळाकडे पाहत बसावे लागत नाही. नवे दुकान भाड्याने घेऊन टेबले वाढवण्याचा विचार मात्र यांतली फार थोडी करतात. एका टेबलाभोवती बसून जेवढे वळून होईल तेवढे विकायचे आणि सारण संपले की पातेले उतरवायचे.