माळरानावरचा डोंबारी

भोपाळ म्हटले की तेथील सरोवरे डोळ्यांपुढे येतात. तेथील मोठा व छोटा हे दोन तलाव मिळून झालेल्या भोज आर्द्रभूमीचा २००२ साली रामसर यादीत समावेश झाला. तेथील पाणपक्षी पाहावयास पुष्कळ लोक जातात. परंतु तलावाचा काठ सोडून माळव्यातील काळ्या शेतांकडे व खडकाळ माळांकडे वळले, की तेथे राहणाऱ्या एका चिमुकल्या गायक पक्ष्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा पक्षी म्हणजे डोंबारी. महाराष्ट्रातील कोरडवाहू मुलखातही तो सर्वत्र आढळतो.

डोंबारी हा चंडोलाच्या कुळातील, चिमणीहून किंचित लहान पक्षी होय. नराचा माथा राखी, गाल पांढुरके आणि डोळ्यांतून जाणारी पट्टी, गळा व पोट काळसर असते. मादी मातकट रंगाची असल्याने पुष्कळदा ती चिमणीच समजली जाते. तिला ओळखण्याची खूण सोपी आहे. चिमणी जमिनीवर टुणटुण उड्या मारते, तर डोंबारी पाऊल पुढे टाकीत चालतो. तो झाडावर किंवा तारेवर सहसा बसत नाही. ढेकूळ वा दगड हेच त्याचे आसन.

विणीच्या काळात नर पंख फडफडवीत सरळ उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली झेपावतो आणि लांबट शीळ घालतो. जमीन जवळ येण्यापूर्वीच तो पुन्हा वर उसळतो. अशा कसरतींमुळे त्याचे मराठी नाव त्यास शोभून दिसते.

गवताच्या लहानशा झुबक्याच्या किंवा ढेकळाच्या आडोशास उथळ खळगा करून त्यात गवत व केसांचे अस्तर घातले, की त्याचे घरटे तयार होते. कडेला बारीक खडेही रचलेले असतात. मादी दोन-तीन अंडी घालते आणि पिलांचे संगोपन नर-मादी दोघेही करतात. गवताचे बी व किडे हे त्यांचे खाद्य. मातीशी मिळताजुळता रंग हेच या पक्ष्याचे मुख्य संरक्षण होय; पण नांगराचा फाळ, मोकाट कुत्री व वणवा यांच्यापुढे ते व्यर्थ ठरते.

सरकारी दप्तरात अशी जमीन पुष्कळदा ‘पडीक’ म्हणून नोंदली जाते. म्हणून तिच्यावर दाट वृक्षलागवड करणे हे पुण्यकर्म वाटते. परंतु झाडांची दाटी झाली की उघड्या जमिनीवर जगणारा हा पक्षी तेथून निघून जातो. वृक्षारोपण आवश्यक आहेच. मात्र जागा निवडताना माळावरील जीवसृष्टीची आधी पाहणी व्हावयास हवी.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सकाळी गावच्या माळावर न्यावे, दुरूनच हा पक्षी दाखवावा व घरट्यास हात लावू देऊ नये. शेतकरी बांधवांनी नांगरताना घरटे आढळल्यास शक्य तर तेवढी हातभर जागा सोडावी. माळ उघडा असतो, पण ओसाड नसतो, हे ध्यानी आले तरच डोंबाऱ्याची शीळ पुढील पिढीच्या कानी पडेल.