रायफलचे चेंबर : केसाएवढ्या फरकावर ठरतो नेम

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारात दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. इथे नेमबाजाइतकेच काडतूस बसते ते चेंबरही अचूक लागते. ते कापते रीमर.

ड्रिलपेक्षा वेगळे काय?
ड्रिल भोक पाडते. रीमर ते नेमक्या मापाचे आणि गुळगुळीत करते. रीमरच्या टोकाचा पायलट नळीत फिरून त्याला मध्यावर ठेवतो.

निवड कशी होते?
स्पर्धेसाठी घट्ट मापाचे ‘मॅच’ रीमर वापरतात. त्यात गोळी सुरुवातीलाच नळीतल्या आट्यांना टेकते. ‘स्पोर्टिंग’ माप थोडे सैल असते; वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसे सहज बसतात. धार लावल्यावर रीमर बारीक होते, म्हणून नवे घेताना वरच्या मर्यादेजवळचे माप पाहतात.

वापरताना काय जपतात?
वेग कमी, तेल भरपूर आणि चुरा वारंवार साफ. उलटे फिरवल्यास धार जाते. चेंबर जास्त खोल गेले, तर काडतूस सैल बसून त्याचे कवच फाटू शकते. म्हणून खोली गेजने पुन्हा पुन्हा तपासतात.

भारतात शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याशिवाय बंदूक बनवणे किंवा दुरुस्त करणे गुन्हा आहे.