रडली नाही म्हणजे?

मयताहून परतताना गाडीत पाच मिनिटं गप्प बसलं जातं. मग कुणीतरी म्हणतंच, 'सून काही रडली नाही हो.' बाकीचे माना डोलावतात. बोलणाऱ्याला वाटतं, आपण फक्त दिसलं ते सांगितलं. खरं तर त्याने निकाल देऊन टाकलेला असतो. दुःख असेल तर ते चेहऱ्यावर दिसतंच, आणि दिसलं नाही तर ते नाहीच, हा तो निकाल. माणसाचं मन ओळखण्याबद्दल जितके गैरसमज आहेत, त्यांत सगळ्यात चिवट हाच. सुनेच्या बाबतीत तो चार दिवसांची कुजबुज होऊन विरतो. नोएडात मात्र तो एका आईच्या मानगुटीवर बसला.

16 मे 2008 च्या सकाळी नोएडाच्या सेक्टर 25 मधल्या जलवायु विहारात 13 वर्षांची आरुषी तलवार तिच्या खोलीत मृतावस्थेत सापडली. दुसऱ्या दिवशी घरात काम करणाऱ्या हेमराजचा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर मिळाला. 23 मे रोजी आरुषीचे वडील, दंतवैद्य राजेश तलवार यांना अटक झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत आई, डॉ. नूपुर तलवार, एनडीटीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर बसल्या. नवऱ्याची बाजू त्यांनी सलग आणि सावरलेल्या आवाजात मांडली. ढसाढसा रडल्या नाहीत.

झालं! पोटची पोर गेली आणि ही बाई इतकी शांत कशी, हा प्रश्न दिल्लीच्या दिवाणखान्यांत आणि वाहिन्यांच्या चर्चांत कितीतरी दिवस पुरला. प्रश्नाच्या पोटात उत्तर दडलेलंच होतं. रडल्या असत्या तर 'काय नाटक करते' म्हणणारेही त्याच सोफ्यांवर बसले होते, हा भाग वेगळा.

आता न्यायालयातल्या नोंदीकडे पाहू. खुनाच्या सकाळी घरी आलेल्या मोलकरणीने साक्षीत सांगितलं की मॅडम तिच्या गळ्यात पडून रडू लागल्या. म्हणजे ही आई रडली होती. फक्त कॅमेरा तिथे नव्हता. गाझियाबादच्या न्यायालयाने 2013 मध्ये राजेश आणि नूपुर दोघांना जन्मठेप दिली. 12 ऑक्टोबर 2017 रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली आणि कनिष्ठ न्यायाधीशांनी स्वतःच्या कल्पनेने प्रसंग उभे केल्याबद्दल त्यांच्यावर कडक ताशेरे ओढले. सीबीआयचं अपील पुढे सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतलं. खून कोणी केले हे इथे ठरवायचं नाही. एका मुलाखतीतल्या कोरड्या डोळ्यांवरून ते ठरत नाही, एवढंच सांगायचं आहे.

हा आपल्याकडचाच अडाणीपणा आहे असं वाटत असेल, तर ऑस्ट्रेलियात डोकावावं. 17 ऑगस्ट 1980 रोजी उलुरूजवळच्या तळावरून लिंडी चेंबरलेन यांची तान्ही मुलगी डिंगोने, म्हणजे तिथल्या रानकुत्र्याने, ओढून नेली. आई दूरदर्शनवर रडली नाही म्हणून लोकांनी तिला आधीच खुनी ठरवलं आणि 1982 मध्ये न्यायालयानेही जन्मठेप सुनावली. 1986 मध्ये बाळाचं जाकीट रानकुत्र्यांच्या बिळांजवळ सापडलं, तेव्हा त्या सुटल्या. मृत्यू डिंगोमुळे झाला अशी अधिकृत नोंद व्हायला 2012 उजाडलं.

शोकाचा अभ्यास करणाऱ्यांना हे नवीन नाही. कॅमिल वॉर्टमन आणि रॉक्सन सिल्व्हर या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्येच दाखवून दिलं होतं, की प्रत्येकाने मोडून पडलंच पाहिजे या समजुतीला पुराव्याचा आधार नाही. 2002 मध्ये जॉर्ज बोनॅनो आणि सहकाऱ्यांनी 205 जणांची माहिती तपासली. ही माहिती जोडीदाराच्या मृत्यूच्या आधीपासून गोळा होत होती आणि मृत्यूनंतर 18 महिन्यांपर्यंतची होती. जवळजवळ निम्मे लोक या काळात खचलेच नाहीत. ते मुळात थंड काळजाचे असतील किंवा संसार धड नसेल, ही शंका लगेच येते. संशोधकांनी तीही तपासली आणि तसं काही आढळलं नाही. हे उतारवयातले जोडीदार होते. पोटच्या मुलाचा खून ही वेगळीच गोष्ट, म्हणून हे आकडे नोएडाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण 'न रडणारा तो दगड' हे गणित त्यांनी निकालात काढलं. आणि उलट बाजूने पाहायचं, तर पैसे घेऊन परक्याच्या दारात ऊर बडवणाऱ्या राजस्थानातल्या रुदाली कुणाला ठाऊक नाहीत?

चेहऱ्याचंच म्हणाल, तर 2019 मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि आणखी चार शास्त्रज्ञांनी या विषयावरचे हजारावर शोधनिबंध पालथे घातले. आपण चिडलेला चेहरा म्हणतो तो, कपाळाला आठ्या आणि ओठ घट्ट, असा चेहरा राग आलेली माणसं सरासरी दहापैकी तीनच वेळा करतात. उरलेल्या सात वेळा रागावलेला माणूस हसतो, रडतो किंवा नुसता बसून राहतो. आणि आठ्या तर हिशेब जुळेना की पडतात, पित्त झालं की पडतात, दिल्लीत राजीव चौकला मेट्रो बदलताना तर पडतातच.

मग आपल्याला इतकी खात्री का वाटते? 2012 मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलेला एक प्रयोग याबाबत मोठा गमतीदार आहे. महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या टेनिसपटूंचे त्या क्षणाचे फोटो लोकांना दाखवले. नुसता चेहरा पाहून जिंकलं कोण आणि हरलं कोण हे कुणाला सांगता येईना. चेहरा झाकून नुसतं शरीर दाखवलं तर मात्र येत होतं. जिंकणाऱ्याचा चेहरा हरणाऱ्याच्या धडावर चिकटवला, तेव्हा लोकांनी त्याला बिनदिक्कत हरलेला ठरवलं. त्यात मौज अशी की पूर्ण फोटो पाहणाऱ्यांना आपण चेहराच वाचतोय असं वाटत होतं. नूपुर तलवार यांची मुलाखत पाहणाऱ्यांपुढे 'नवरा मुलीच्या खुनाच्या आरोपात अटकेत' हे वाक्य आधीच होतं. बाकीचं पाहणाऱ्यांनी नूपुर यांच्या चेहऱ्यावर वाचलं.

'मला खोटं लगेच कळतं' म्हणणाऱ्यांनी 2006 सालचं बाँड आणि डीपॉलो यांचं विश्लेषण वाचावं. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी 54 टक्के वेळा बरोबर निघतात. नाणं उडवलं तरी 50 मिळतात. पोलिसांसारखे सराईत लोकही सामान्यांपेक्षा सरस ठरले नाहीत.

बाकीचे समज भराभर उरकू. संवादाचा 93 टक्के भाग देहबोलीत असतो, असं प्रत्येक व्यक्तिमत्त्व विकास शिबिरात सांगतात. हा आकडा ज्यांतून आला ते मेहराबियन यांचे 1967 चे प्रयोग सुटे शब्द, आवाज आणि चेहरा यांवरून आवड-नावड ओळखण्यापुरते होते, आणि हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे. बायकांना मन वाचण्याचं जन्मजात वरदान असतं म्हणे. 2001 च्या एका अभ्यासात अचूक उत्तराला पैसे देऊ केले आणि पुरुष लगेच बायकांच्या बरोबरीला आले! दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की त्याचं मन कळतं, हेही तसंच. 2018 मध्ये 25 प्रयोगांत तसं केल्याने अचूकता वाढली नाही, त्या माणसालाच विचारल्याने वाढली. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, व्यक्तींना सहानुभूती नसते, हा समज तर क्रूर आहे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने 2012 मध्ये मांडलं, की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. स्वमग्न माणूस इतरांना जितका अवघड जातो, तितकेच इतर त्याला. दिल्लीच्या जसोला विहारातली 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था 1990 च्या दशकापासून स्वमग्न मुलांबरोबर आणि त्यांच्या पालकांबरोबर काम करते आहे. शंका असेल त्यांनी तिथल्या आयांना विचारावं.

शेवटचा समज यंत्रांचा, आणि तो नवा असल्यामुळे जास्त जपून पाहायला हवा. जानेवारी 2021 मध्ये लखनौ पोलिसांनी जाहीर केलं, की बाईच्या चेहऱ्यावरचा त्रास ओळखून जवळच्या ठाण्याला खबर देणारे कॅमेरे शहरात बसवायचे आहेत. म्हणजे तीच आठ्यांची समजूत, आता खांबावर. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखून देण्याची सेवा आवरती घेतली. युरोपीय संघात 2 फेब्रुवारी 2025 पासून कामाच्या ठिकाणी आणि शाळा-महाविद्यालयांत अशा यंत्रणांना बंदी आहे. सूट फक्त वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणासाठी. आपल्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात या यंत्रांसाठी वेगळं कलम नाही.