कळ ओसरल्यावरचा ठोका

सकाळी ८

उपजिल्हा रुग्णालयाच्या लेबर रूमचा चार्ज घ्यायला पाच मिनिटं पुरतात. रात्रपाळीची सिस्टर केस पेपर पुढे सरकवते. "एक नंबरला पहिलटकरीण, पाच सेंटिमीटर. दोनला दुसरेपणाची, पाणी पहाटे फुटलंय, क्लिअर आहे. तीनला दिवस उलटलेली, सहाला कळांचं ड्रिप लावलंय. तिघींचे एफएचएस रेग्युलर." सही होते, ती घरी जाते.

त्या 'रेग्युलर'वर माझा फारसा विश्वास नाही. तिच्यावर आहे, शब्दावर नाही. एफएचएस म्हणजे बाळाचे ठोके. ते मिनिटाला ११० ते १६० असले की चांगले, हे आम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण कळ नसताना मोजले, तर त्रासातल्या बाळाचेही बऱ्याचदा १४० भरतात. रजिस्टरात १४०, १४२, १४० अशी रांग दिसली की मला हायसं वाटत नाही, उलट शंका येते.

८.३०

आज सोबत जीएनएमची विद्यार्थिनी आहे. तिने डॉपलर लावला, दहा सेकंद ऐकलं, सहाने गुणलं आणि पेन उघडलं. तिला थांबवलं.

"डावा हात पोटावर ठेव. कळ आधी तुझ्या हाताला लागेल, मग बाईला."

पोट हाताखाली घट्ट होऊ लागलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत पाच-पाच सेकंदांचे ठोके मोजायला लावले: बारा, बारा, अकरा, दहा, दहा. पोट सैल पडायला लागलं तसे अकरा, बारा. हात उचलू दिला नाही. कळ पूर्ण ओसरल्यावरही अर्धं मिनिट मोजायचं. बारा, बारा, बारा. आता लिही. सगळं मिळून दीड मिनिट लागलं, आणि बाळाबद्दल कळलं ते दहा सेकंदांत कळणारं नव्हतं.

कळ म्हणजे पिशवीचा स्नायू आवळणं. त्या स्नायूतूनच वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. त्या चेपल्या की मिनिटभर नवा प्राणवायू येत नाही आणि बाळ शिलकीवर भागवतं. विहिरीत बुडी मारणारं पोर दम धरतं, तसं. दोन बुड्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला तर ते दिवसभर पोहेल.

१०.१५

पहिलटकरीण आठ सेंटिमीटरवर. विद्यार्थिनी धावत आली, "सिस्टर, ठोके ११० वर आले!" कधी आले? कळ ऐन भरात असताना. परत कधी गेले? कळेबरोबरच. मग घाबरायचं कारण नाही. डोकं खाली सरकतंय, त्यावर दाब पडतो, मज्जातंतूंच्या मार्गाने हृदय जरा मंदावतं. कळेसोबत उतरणारा आणि कळेसोबत चढणारा ठोका बहुतेक वेळा एवढंच सांगतो.

किती उतरला यापेक्षा कधी उतरला आणि कधी सावरला, हे आधी बघायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या 'लेबर केअर गाइड'मध्ये ठोक्यांच्या आकड्याखाली उतारासाठी वेगळी ओळ आहे. उतार नसेल तर एन, कळेबरोबरचा असेल तर ई, कसाही येणारा असेल तर व्ही, कळेनंतरचा असेल तर एल. धोक्याच्या खुणेत नाव फक्त एलचं. आमच्या जुन्या रजिस्टरात अशी जागाच नव्हती, आकडा टाकला की काम संपलं.

११

दोन नंबरचे ठोके एकदम १३८ वरून ८० ला. कडेलोट झाल्यासारखे खाली, तितक्याच झटक्याने वर. पाणी फुटलेलं, त्यामुळे पहिला संशय नाळेचा. हातमोजे घालून तपासलं, नाळ खाली घसरलेली नाही. म्हणजे आतच कुठे तरी दबत असावी. बाई उताणी होती, तिला डाव्या कुशीवर वळवलं. पुढच्या कळेला १२०, त्याच्या पुढच्या कळेला उतार जवळजवळ नाहीच. डॉक्टर मॅडमना फोनवर सांगितलं, त्यांनी दर कळेला ऐकत राहायला सांगितलं. नुसती कूस बदलून दरवेळी भागत नाही, पण पहिला उपाय तोच, आणि फुकटचा. तरी बायकांना तासन् तास उताणं निजवून ठेवायची सवय आमच्याकडून सुटत नाही.

११.४०

दाराशी पहिलटकरणीच्या सासूबाई. "सिस्टर, तीन नंबरला पट्ट्याचं मशीन लावलंय, आमच्या सुनेला का नाही?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र लोकांना पटत नाही. डब्लिनमध्ये सुमारे तेरा हजार बायकांवर मोठा अभ्यास झाला, तो १९८५ साली छापून आला. नंतरच्या अभ्यासांसकट हिशोब असा निघाला की सतत मशीन लावल्याने नवजात बाळांना येणारे झटके निम्म्यावर येतात, पण बाळांचे मृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी कमी झाल्याचं दिसत नाही. सिझर मात्र वाढतात. म्हणून जोखीम नसलेल्या बाईला दर पंधरा ते तीस मिनिटांनी नीट कान लावून ऐकणं पुरतं. ड्रिप असेल तर मशीन हवंच. सासूबाईंना एवढंच म्हटलं, "मावशी, तिच्याजवळ मशीन नाही, पण मी आहे." त्या काही खूश झाल्या नाहीत.

१२.१०

तीन नंबरच्या मशीनमधून कागद मिनिटाला एक सेंटिमीटर सरकतो. वरची रेघ बाळाची, खालची कळांची. खाली डोंगर, वर दरी. सकाळपासून दरी डोंगराच्या बरोबर डोक्यावर होती. आता ती अर्धा सेंटिमीटर उजवीकडे सरकली आहे. म्हणजे कळेचा भर ओसरल्यावर अर्ध्या मिनिटाने बाळाचा ठोका तळाला जातो. दरी खोलही नाही, १४५ वरून १२५. नवख्या माणसाला अकराच्या सुमाराचे ८० भयंकर वाटतील आणि हे १२५ ठीक वाटतील. मला या अर्ध्या सेंटिमीटरची भीती जास्त. त्यात मधली रेघ सपाट होत चाललेली, नेहमीची बारीक थरथर नाही. बाळाची शिल्लक संपत आली आहे.

पोटावर हात ठेवून मोजलं, दहा मिनिटांत सहा कळा. पाचाच्या वर जाता कामा नये. ड्रिप बंद केलं, डाव्या कुशीवर वळवलं, साधं सलाईन सुरू केलं, वॉर्डातल्या मावशींना मॅडमना बोलवायला ओपीडीत पिटाळलं. ड्रिपचं औषध रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे कळा लवकर विरळ होतात. त्या झाल्याही, चारावर आल्या. दरी मात्र हलली नाही. मॅडम आल्या, कागद हातात घेऊन मागच्या वीस मिनिटांवर बोट फिरवलं, आत तपासलं. सहा सेंटिमीटर, पाणी हिरवट. बाळाने पोटात शी केली होती.

"सिझर. भूल देणाऱ्या सरांना सांगा."

१.०५ ला बाळ बाहेर आलं. क्षणभर गप्प, मग रडलं. निरीक्षणासाठी एसएनसीयूत, नवजात बाळांच्या कक्षात गेलं.

१.२०

एक नंबर जोर करतेय. आता दर पाच मिनिटांनी ऐकायचं. डॉपलर १३० दाखवतो आणि कळ आली की १५० ला चढतो. विद्यार्थिनी खूश. तिला म्हटलं, दुसऱ्या हाताने बाईची नाडी धर. तीही १३०. जोर करताना आईची नाडी चढते, बाळाचे ठोके बहुधा उतरतात. ठोके दर कळेला चढत असतील, तर आपण आईलाच ऐकतोय असं समजावं. डॉपलर खाली सरकवला, बाळ सापडलं, ११८. पावणेदोनला मुलगी झाली.

२

चार्ज देताना तोंडी 'रेग्युलर' म्हणत नाही. दोन नंबरच्या कागदावर लिहिलं: कळ ओसरल्यावर १३६, कुशीवर ठेवणे.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीसोबत एक बाई थांबू शकते, २०१६ पासून तशी मुभा आहे. त्या बाईला माझी विनंती आहे. ड्रिप लावायचं की नाही, ते डॉक्टरांना ठरवू द्या. "लवकर मोकळी होऊ द्या, कळांचं सलाईन लावा" असा धोशा लावू नका. ते लावलेलं असेल तर पोटावर हात ठेवून बसा, आणि दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडत नाही असं वाटलं की लगेच सिस्टरला हाक मारा. सिस्टर वैतागली तरी मारा.