‘बॉरो’ कोणी करायचे, ‘लेंड’ कोणी?

डिलिव्हरी चलान, बँकेचा अर्ज, मोठ्या पेढीचे पत्र, हे सारे बहुधा इंग्रजीत असते. त्यातील देण्याघेण्याची चार-पाच क्रियापदे आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी नीट समजून घ्यावीत, असे आम्हास वाटते. शब्द चुकला तर देणेकरी घेणेकरी होतो.

मराठीत ‘उसने’ शब्द एकच, बाजू क्रियापद सांगते. मी उसने घेतो, तुम्ही उसने देता. इंग्रजीत शब्दच निराळे. घेणारा ‘बॉरो’ करतो, देणारा ‘लेंड’ करतो. वीस हजार घेणाऱ्याने चिठ्ठीत ‘लेंट’ लिहून सही केली, तर पैसे त्यानेच दिले असा अर्थ निघतो. मुदत न ठरवता दिलेल्या रकमेसाठी दावा साधारणपणे दिल्या तारखेपासून तीन वर्षांत करावा लागतो. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार ती संपण्यापूर्वी देणेकऱ्याने लेखी, सहीनिशी कबुली दिली, तर मुदत नव्याने सुरू होते. तेव्हा चिठ्ठीतला शब्द बरोबर हवा.

दुसरी गोष्ट. इंग्रज माणूस साखरही ‘बॉरो’ करतो आणि शिलाई मशीनही. साखर संपते, तिच्या बदली तेवढीच साखर द्यायची. मशीन मात्र तेच परत करायचे. आपल्या फिकहमध्ये यांना दोन नावे आहेत. पहिले कर्ज, दुसरे आरियत. परतफेडीची क्रियापदेही वेगळी. पैसे ‘रिपे’ करतात, वस्तू ‘रिटर्न’ करतात. ‘रिफंड’ करतो तो दुकानदार, घेतलेली किंमत परत देताना.

फुकट वापरायला आणलेल्या मशीनबाबत १८७२ चा करार कायदा स्पष्ट आहे. मुदत भरताच मालकाने न मागताही ते परत करावे. समजूतदार माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घेतली असेल, तर मोडतोडीची भरपाई लागत नाही, वेगळे ठरले असेल तर गोष्ट निराळी. पण आपल्या चुकीने मशीन वेळेवर परत गेले नाही, तर त्यापुढील नुकसान आपल्या माथी. हनफी फिकहही आरियतला अमानत मानते. शाफई मतात घेणाऱ्याची जबाबदारी अधिक कडक आहे.

तिसरा शब्दप्रयोग सर्वात महागात पडणारा आहे, तो म्हणजे ‘सेल ऑर रिटर्न’. आपल्या बाजारात यालाच जांगड म्हणतात. हा माल उधार विकलेला नसतो, उसनाही नसतो. पसंत पडला तर विक्री, नाही तर परत. पण १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम २४ ध्यानात ठेवावे. ठरलेली मुदत उलटली आणि नापसंतीची सूचना न देता माल ठेवून घेतला, तर तो विकत घेतला असे धरले जाते. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरतात. जांगड माल कपाटात पडून राहिला आणि आपण गप्प बसलो, तर बिल आपल्यावर येते. माल पाठवणाऱ्यानेही चलानावर मुदत न लिहिल्यास, वाजवी काळ किती, यावरून भांडण होते.

‘रेंट’ हा शब्द तर दुतोंडी आहे. भाड्याने देणाराही ‘रेंट’ करतो, घेणाराही. म्हणून देताना ‘रेंट आउट’ किंवा ‘लेट’ लिहावे.

मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवा, हा हुकूम सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत आहे. लिहिताना शब्दाची शंका आली तर खुशाल मराठीत किंवा उर्दूत लिहावे. कोणी दिले, कोणी घेतले, काय, किती, कधी परत करायचे, एवढे स्पष्ट असले म्हणजे झाले. इंग्रजी कागदावर मात्र अर्थ समजल्याशिवाय सही करू नये.